सरफोजी राजे यांचा संग्रह : आगम व भोग

तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय सरफोजी राजे भोसले यांनी स्थापिले, असे विधान मराठी लेखांतून इतक्या वेळा आले आहे की, त्याची छाननी करण्याची आवश्यकता कोणास वाटेनाशी झाली आहे. विधान स्तुतिपर असले म्हणजे ते न तपासण्याचा आळस आपणांकडे क्षम्य मानला जातो. परंतु या स्तुतीने सरफोजींचे हित होते त्याहून अहित अधिक होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जे त्यांनी केले नाही त्याचे श्रेय त्यांस मिळते, आणि जे खरोखर केले ते त्या श्रेयाखाली झाकले जाते. शिवाय संग्रह कोणत्या कसोटीवर पारखावा, हा मूळ प्रश्न बाजूसच राहतो. जुन्या पोथ्या, चित्रे व कागद जमविणाऱ्या मंडळींस तरी हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही.

प्रथम स्थापनेविषयी. तंजावरास भोसल्यांचे राज्य व्यंकोजी राजांनी १६७६ च्या सुमारास बसविले. त्यापूर्वी तेथे नायकांचे राज्य होते, व नायकांच्या दरबारी ग्रंथभांडार होते. तेलुगु लिपीतील ताडपत्रांचा जो भाग आजही सरस्वती महालात आहे त्याचे मूळ त्या भांडारात आहे, हे तंजावरचे न्यायाधीश आर्थर कोक बर्नेल यांनी १८८० साली लंडनला छापलेल्या सूचीच्या प्रास्ताविकातच सांगितले आहे. भोसल्यांपैकी शहाजी राजे (१६८४ ते १७१२) हे स्वतः ग्रंथकर्ते. त्यांनी तिरुविशनल्लूर हे गाव शहाजिराजपुरम् या नावाने पंडितांस अग्रहार दिले, आणि त्या मंडळींच्या लेखनाने भांडारात दुसरा थर पडला. सरफोजी गादीवर आले १७९८ साली, म्हणजे व्यंकोजींनंतर जवळजवळ सव्वाशे वर्षांनी. अर्थात ते संस्थापक नव्हेत. त्यांनी पडला तो तिसरा थर. तो सर्वांत जाड आहे व सर्वांत चमत्कारिकही आहे.

हा थर कसा पडला हे समजण्यास त्या पुरुषाची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. सरफोजींचा जन्म १७७७ चा. भोसल्यांच्या एका दूरच्या शाखेतून तुळजाजी राजांनी १७८७ साली, मृत्यूच्या थोडे आधी, त्यांस दत्तक घेतले. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी या दत्तविधानास हरकत घेतली. राजा त्या वेळी बुद्धीने स्वस्थ होता काय, एकुलता एक मुलगा दत्तक देता येतो काय, मुलाचे वय योग्य होते काय, हे प्रश्न पंडितांपुढे ठेवण्यात आले. प्रथम पंडितांचे मत दत्तकाविरुद्ध पडले व अमरसिंग गादीवर बसले. पुढे दुसऱ्या पंडितांचे मत दत्तकाच्या बाजूने पडले व कंपनी सरकारने १७९८ त अमरसिंगास काढून सरफोजींस बसविले. दोन्ही वेळी शास्त्र तेच होते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. लगेच दुसऱ्या वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, तह होऊन राज्याचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, वर्षाकाठी एक लाख होन व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा, एवढे राहिले.

म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी या मनुष्यापाशी विद्या होती, द्रव्य होते, किल्ला होता. आणि करण्यास काही नव्हते. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झालेले, इंग्रजी उत्तम येत असे. अशा स्थितीतला राजा नाचरंगात बुडाला असता तर कोणास आश्चर्य वाटले नसते. ते बुडाले नाहीत, एवढ्यावरून त्यांचे चरित्रकार संतुष्ट होतात. प्रस्तुत लेखकास एवढ्यावर थांबता येत नाही. नाचरंगात न बुडालेले पुष्कळ संस्थानिक होऊन गेले, पण त्यांनी मागे काय ठेविले?

येथे इंग्लंडच्या इतिहासातील एका सरदाराची तुलना उपयोगी पडेल. अरुंडेलचा अर्ल टॉमस हॉवर्ड (१५८५ ते १६४६) हा इंग्लंडातील मोठ्या प्रमाणावरील कलासंग्रहाचा आद्य पुरुष मानला जातो. त्याचे आजोबा नॉर्फोकचे ड्यूक. राजद्रोहाच्या आरोपावरून १५७२ साली त्यांचा शिरच्छेद झाला व ड्यूकपद खालसा झाले. बाप १५९५ त लंडनच्या बुरुजात कैदेत मेला. या घरभंगातून वर आलेल्या टॉमसने १६१३ साली स्थापत्यज्ञ इनिगो जोन्स यास बरोबर घेऊन इटलीची यात्रा केली, आणि पुढे चित्रे, हस्तलिखिते, प्राचीन ग्रीक शिलालेख यांवर घराण्याची संपत्ती ओतली. तुर्की अंमलाखालच्या प्रदेशात त्याचा माणूस विल्यम पेटी शिळा शोधीत फिरत असे. १६३६ साली न्यूरेंबर्ग येथे पिर्कहाइमर घराण्याचे सबंध ग्रंथालयच त्याने विकत घेतले. परंतु आजोबांचे ड्यूकपद त्यास जन्मभर परत मिळाले नाही. ते त्याच्या नातवास १६६० साली मिळाले.

गेलेल्या पदाची भरपाई वस्तूंनी करण्याची ही वृत्ती सरफोजींच्या ठायी स्पष्ट दिसते. गादीवर आल्यावर पाच वर्षांनी, १८०३ साली, त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे सविस्तर मराठी चरित्र कोरविले. अशा लांबीचे शिलालेख जगात थोडे आहेत. ज्याच्या दत्तकाविषयी पंडितांनी दोन मते दिली, त्याने आपला वंश दगडावर लिहून ठेवावा, यात नवल नाही. इतिहास म्हणून तो लेख कित्येक ठिकाणी कच्चा आहे आणि बखरींत असते तसे त्यात दंतकथांचे मिश्रण आहे. पण संग्राहकाच्या मनाचा कागद म्हणून तो अव्वल दर्जाचा आहे. राज्य गेले, तेव्हा वंश तरी पक्का करावा.

धर्मशास्त्राच्या व्यवहारकांडात मालकीचे दोन आधार सांगितले आहेत : आगम व भोग. वस्तू कोणत्या मार्गाने आपल्याकडे आली तो आगम, आणि ती प्रत्यक्ष आपल्या ताब्यात, वापरात असणे तो भोग. याज्ञवल्क्याच्या मते भोगापेक्षा आगम बलवत्तर. मात्र वाडवडिलांपासून चालत आलेला भोग असल्यास गोष्ट निराळी, आणि ज्याच्या मागे किंचितही भोग नाही त्या आगमासही बळ नाही. मिताक्षरेत यावर सूक्ष्म चर्चा आहे, ती येथे नको. पण संग्रह पारखण्यास याहून चांगली कसोटी मला दिसत नाही. वस्तू कोठून आली हे संग्राहकास ठाऊक आहे काय व त्याने ते नोंदले आहे काय, हा आगमाचा प्रश्न. त्याने तिचा उपयोग केला काय, की ती केवळ बासनात बांधून ठेवली, हा भोगाचा.

भोगाच्या बाजूने सरफोजी फार मोठे ठरतात. सरस्वती महालातील युरोपीय भाषांतल्या पुस्तकांवर त्यांची इंग्रजी सही आढळते. ही पुस्तके नुसती शोभेची नव्हेत. लाव्हाझिएचे रसायन, शरीरशास्त्र, भूगोल, वनस्पती या विषयांची निवड पाहिली म्हणजे निवडणाऱ्यास वाचावयाचे होते हे कळते. त्यांनी १८०५ च्या सुमारास राजवाड्यात छापखाना काढला. त्याचे नाव नवविद्याकलानिधी. त्यात इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ हे देवनागरी खिळ्यांनी छापून निघाले. मुंबई-पुण्याकडे मराठी पुस्तके छापण्याचा उद्योग रुजण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. धन्वंतरी महाल नावाची औषधशाळा व दवाखाना त्यांनी चालविला. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी, त्यांबरोबर रोगट डोळ्यांची रंगीत चित्रे, अशी कागदपत्रे तेथे राहिली आहेत. पृथ्वीचा भूगोल सांगणारे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक त्यांच्या नावावर आहे. कुरवंजी हा तमिळ देशातला कुडमुड्या बाईच्या भविष्यकथनाचा नाट्यप्रकार. त्यात खंडे, देश व नगरे गुंफावी ही कल्पना ज्याला सुचली, त्याने आपल्याजवळचे नकाशे उघडून पाहिले होते यात संशय नाही. पुस्तकातली विद्या पुस्तकातून बाहेर काढून दुसऱ्याच्या हाती देणे, याहून निराळा ग्रंथांचा भोग कोणता?

सावित्री प्रीता नायर यांनी २०१२ साली सरफोजींवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात विज्ञान व वैद्यक या अंगांचा परामर्श मोठ्या साक्षेपाने घेतलेला आहे. तो प्रत्येक मराठी अभ्यासकाने वाचावा. फक्त त्या दिशेचा एक परिणाम ध्यानात ठेविला पाहिजे. युरोपीय पुस्तके, यंत्रे, साहेबांचा पत्रव्यवहार यांवर प्रकाश पडतो तितकी बाकीची खोली अंधारी भासते. सरफोजी जणू युरोपकडे तोंड करूनच बसले होते असा ग्रह होतो. ज्याने काशीहून पोथ्या आणविल्या तो आणि ज्याने लाव्हाझिए वाचला तो, हे एकच गृहस्थ होते.

चित्रांविषयी माझे मत संमिश्र आहे. लाकडी फळीवर सोन्याचा वर्ख, भिंगे व खडे बसवून केलेल्या देवादिकांच्या तंजावरी चित्रांस आज बाजारात फार किंमत येते. त्या पद्धतीस भोसल्यांच्या दरबाराने आश्रय दिला हे खरे. पण त्यांतली पुष्कळ चित्रे एकाच साच्याची आहेत, आणि साचा ओळखता आला म्हणजे दहावे चित्र पाहण्याची उत्सुकता उरत नाही. सरफोजींची खरी दृष्टी अन्य ठिकाणी दिसते. माणसाच्या चेहऱ्याची पशुपक्ष्यांच्या मुखांशी तुलना करणारी फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँ याची चित्रे त्यांच्या संग्रहात आहेत. चिनी शिक्षापद्धतीची चित्रे आहेत. गजशास्त्राची सचित्र पोथी आहे. आपल्या चित्रकारांकडून त्यांनी पशुपक्ष्यांची चित्रे काढविली. त्यांतली काही त्यांनी तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांस दिली. ती आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. पारंपरिक रंगरेषांत वाढलेल्या हाताने समोरचा पक्षी पाहून पिसन्‌पिस काढावयाचे, हे शिक्षण त्या कारागिरांस कोणी दिले असेल याचा विचार चित्रकलेच्या इतिहासकारांनी करावा. आणि काशीच्या चौसष्ट घाटांची चित्रे. ही चित्रे कलाकृती म्हणून पहिल्या प्रतीची नसतील, परंतु १८२० च्या सुमारास कोणता घाट कसा होता हे ज्यास जाणावयाचे असेल त्यास ती सोन्याच्या वर्खाहून मोलाची आहेत.

दरबाराच्या दालनात इंग्लंडचा मूर्तिकार फ्लॅक्समन याने घडविलेला सरफोजींचा संगमरवरी पुतळा उभा आहे. तो सुंदर आहे. तसेच नेपोलियनाचा पाडाव झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ समुद्रकाठी मनोरा नावाचा बुरूजही त्यांनी बांधला. ज्यांनी राज्य घेतले त्यांच्या विजयाचे स्मारक स्वखर्चाने उभारणाऱ्या राजाविषयी काय म्हणावे हे मी वाचकांवर सोपवितो. संग्रहाच्या विचारात त्यास जागा नाही.

आता आगम. येथे मात्र प्रकरण अवघड होते, आणि दोष सर्वस्वी सरफोजींकडे जात नाही.

सरफोजी १८२० साली मोठ्या लवाजम्यानिशी त्रिस्थळी यात्रेस निघाले. त्या यात्रेचे वर्णन करणाऱ्या मराठी लावण्या सरस्वती महालात आहेत व त्या छापूनही निघाल्या आहेत. काशीस त्यांनी पोथ्यांची खरेदी केली. तंजावरातील कागदी, देवनागरी पोथ्यांचा मोठा भाग या प्रसंगाचा होय, असा बर्नेल यांचाही अभिप्राय आहे. त्या काळी काशीच्या बाजारात पोथ्या कोठून येत होत्या? पंडितांची घरे मोडत होती, मठ रिकामे होत होते. त्याच्या आधी सुमारे दीडशे वर्षे काशीत एक अफाट ग्रंथसंग्रह होता. तो कवींद्राचार्य सरस्वतींचा. हे संन्यासी मूळचे गोदातीरचे ऋग्वेदी ब्राह्मण, म्हणजे आम्हां नाशिककरांच्या नदीकाठचेच. शाहजहान बादशहाकडून यांनी काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर माफ करविला व ‘सर्वविद्यानिधान’ ही पदवी मिळविली. त्यांच्या संग्रहाची यादी गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२१ साली छापली गेली. तीत दोन हजारांवर नोंदी आहेत. यादी राहिली, पण संग्रह फुटला. तथापि त्यातील पोथ्या ओळखता येतात, कारण पहिल्या पानावर पदवीसह कवींद्राचार्यांचे नाव व ‘पुस्तक’ हा शब्द घातलेला असे. या एका ओळीच्या बळावर बिकानेरच्या अनूप ग्रंथालयातील व अन्यत्रच्या पोथ्या त्यांच्या म्हणून सिद्ध झाल्या आहेत. एका संन्याशाने, ज्याला शास्त्राप्रमाणे स्वतःचे म्हणून काहीच नसावयाचे, मालकीची ओळ घालण्याची शिस्त पाळली म्हणून आज आपणांस त्याचा संग्रह पुन्हा जुळविता येतो.

तंजावरच्या बाबतीत हा जुळणीचा मार्ग दोन विद्वानांनी, अर्थात नकळत, अरुंद करून ठेविला. बर्नेल यांची सूची विषयवार आहे : वेद, व्याकरण, दर्शने, काव्य, धर्मशास्त्र याप्रमाणे. पी. पी. एस. शास्त्री यांनी १९२८ पासून जी वर्णनात्मक सूची एकोणीस भागांत काढली ती परिश्रमाचा आदर्श आहे. प्रत्येक पोथीचे पत्रे, लिपी, आद्यंत, सर्व काही तीत आहे. तरी तिचीही रचना विषयवारच. त्यामुळे नायकांच्या भांडारातील तेलुगु ताडपत्र, शहाजीकालीन ग्रंथलिपीतील प्रत, आणि काशीहून आलेली देवनागरी कागदी पोथी या तिन्ही, एकाच ग्रंथाच्या प्रती असल्या म्हणजे, एकाखाली एक येतात. ग्रंथ शोधणाऱ्याची सोय झाली, पण संग्रहाचे थर मिसळले. मृत्तिकेचे थर उकरून एका ढिगात टाकावे तसे हे झाले. पाठसंशोधनाचे यात प्रत्यक्ष नुकसान आहे. दाक्षिणात्य पाठ म्हणून ज्या तंजावरी प्रतीचा दाखला दिला जातो ती काशीहून आलेली असेल तर सबंध वंशवृक्षच चुकतो. तंजावरची पोथी म्हणजे तंजावरात लिहिलेली पोथी नव्हे, एवढी साधी गोष्ट संपादकांच्या टीपांतून अद्याप सुटलेली दिसते. लिपी व कागद यांवरून बराचसा निवाडा होऊ शकतो, आणि ती सामग्री शास्त्री यांच्या सूचीतच आहे; मात्र ती उलट्या बाजूने, म्हणजे विषय सोडून उगमाकडून, वाचली पाहिजे.

हे काम अशक्य नाही, याचे उदाहरण इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या चित्रांचे आहे. त्याच्या संग्रहावर अब्राहम व्हान डर डोर्ट नावाचा एक डच गृहस्थ रखवालदार होता. त्याने १६३९ च्या सुमारास यादी केली. त्याचे इंग्रजी इतके मोडके होते की, त्याची शुद्धलेखनाची वही आमच्या शाळेत आली असती तर तांबड्या शाईस तोटा पडला असता. परंतु प्रत्येक चित्रापुढे ते कोठून आले, कोणी नजर केले, कशाच्या अदलाबदलीत मिळाले, मांटुआच्या ड्यूकांच्या खरेदीतले की काय, याची नोंद त्याने जागोजाग केली. १६४९ साली राजाचा शिरच्छेद होऊन चित्रे विकली गेली. काही तर देणेकऱ्यांस पैशांऐवजी वाटण्यात आली, आणि तिशियानचे एक चित्र राजवाड्यातील शिशाचे काम करणाऱ्या कारागिराच्या घरी गेले. तरी आज युरोपभर पांगलेली ती चित्रे ओळखता येतात, ती या मोडक्या इंग्रजीच्या आधाराने. बर्नेल यांची विद्वत्ता व्हान डर डोर्टपाशी नव्हती. पण त्याला ठाऊक असलेली गोष्ट बर्नेल यांनी नोंदण्याजोगी मानली नाही.

सरफोजींनी अशी यादी करविली होती काय? याचा शोध संस्कृत सूचींत करून उपयोग नाही. तो मोडी दप्तरात केला पाहिजे. तंजावरच्या राजवाड्यातील मोडी कागद विपुल आहेत. यात्रेचा जमाखर्च, पोथ्यांची किंमत, विकणाऱ्यांची नावे कोठे असतील तर तेथेच असतील. आणि येथे लाज वाटण्यासारखी एक गोष्ट नमूद करणे प्राप्त आहे. या मोडी कागदांचे पद्धतशीर काम १९८० नंतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने केले व त्याचे ग्रंथ तमिळ भाषेत निघाले. मराठी राजाचे, मराठी भाषेतले, मोडी लिपीतले कागद. ते वाचण्यास महाराष्ट्रातील अभ्यासकाने आज तमिळ शिकावे अशी पाळी आली आहे. तमिळ विद्वानांचे याबद्दल अभिनंदनच केले पाहिजे. आपल्याकडे मोडी वाचणारे आहेत, तंजावरचा अभिमान बाळगणारे त्याहून पुष्कळ आहेत. दोन्ही गुण एका माणसात क्वचित भेटतात.

सरफोजी १८३२ साली वारले. पुत्र शिवाजी १८५५ त निपुत्रिक मरण पावले, आणि कंपनीने संस्थान खालसा केले. येथे आगम-भोगाचा खटला अक्षरशः उभा राहिला. १८५६ साली कंपनीच्या अधिकाऱ्याने शिपाई आणून राजवाड्यातील मालमत्तेवर मोहोर केली, आणि त्यात खाजगी व सरकारी असा भेद ठेविला नाही. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावून जिंकला. अपिलात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ साली तो निकाल फिरविला. लॉर्ड किंग्सडाउन यांच्या निकालाचा आशय असा की, ही जप्ती राज्यसत्तेची कृती होय. ती न्याय्य असो वा अन्याय्य, तिची चौकशी करण्याचा अधिकार न्यायालयास नाही. म्हणजे आगमाचा विचारच करावयाचा नाही. भोग ज्याचा त्याची वस्तू. जो विचार याज्ञवल्क्याने स्पष्ट नाकारला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर साम्राज्याच्या सर्वोच्च पीठाने मान्य केला. पुढे १८६२ साली सरकारने मालमत्ता राण्यांस परत केली, तीही हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. अरुंडेल व चार्ल्स यांच्या संग्रहांची जी धूळधाण झाली ती सरस्वती महालाची झाली नाही, याचे कारण काही अंशी राणीसाहेबांच्या चिकाटीत आहे, आणि काही अंशी, कटू असले तरी सांगितले पाहिजे, जुन्या पोथ्यांस त्या वेळी लिलावात गिऱ्हाईक नव्हते यात आहे. ग्रंथालय १९१८ साली सार्वजनिक झाले व ते एका जागी राहिले. अरुंडेलच्या हस्तलिखितांस मात्र पुष्कळ हिंडावे लागले : नातवाने १६६७ त रॉयल सोसायटीस दिली, तीतून एक भाग कॉलेज ऑफ आर्म्सकडे गेला, व बाकीची १८३१ साली ब्रिटिश म्यूझियमने घेतली.

या सर्वांचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, नाशिक, चांदोरी, त्र्यंबक, पंचवटी येथील वाड्यांतून व उपाध्यांच्या घरांतून पोथ्या बाहेर पडण्याचे आज थांबलेले नाही. चांदोरीच्या हिंगणे घराण्याचे दप्तर भारत इतिहास संशोधक मंडळाच्या हाती वेळेवर गेले म्हणून ते हिंगणे दप्तर या नावाने, घराण्याच्या नावानिशी, छापले गेले व दिल्लीच्या राजकारणाचा एक भाग उजेडात आला. तेच कागद फुटकळ विकले गेले असते तर प्रत्येक पत्र खरे असूनही निम्मे मुके झाले असते. उलट दुकानातून येणाऱ्या पोथ्या मी पाहतो तेव्हा बहुधा पहिले पान नवे लावलेले असते, शेवटच्या पानाची खालची पट्टी कातरलेली असते. लेखकाचे नाव, शक, गाव, ज्याच्यासाठी लिहिली त्याचे नाव, सर्व त्या पट्टीत गेलेले. विकणाऱ्यास घराचा पत्ता लपवावयाचा असतो, आणि घेणाराही विचारीत नाही, कारण विचारले तर वस्तू मिळत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने पंचाहत्तर वर्षांवरील महत्त्वाचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते. पण कायद्याचे भय पट्टी कातरण्यास उत्तेजनच देते, असे दिसते. आपल्यापैकी कित्येक प्रतिष्ठित संग्राहकांच्या कपाटांत अशा पोथ्या आहेत. त्यांस भोग आहे, आगम नाही.

पट्टी गेली तरी सर्व गेले असे नव्हे, जर कोणी ती जाण्यापूर्वी उतरून ठेविली असेल. अरुंडेलच्या शिळांपैकी पारोस बेटावरच्या कालगणनेची जी प्रसिद्ध शिळा, तिचा वरचा तुकडा इंग्लंडातील यादवीच्या धामधुमीत नाहीसा झाला. शिळा लंडनला आल्यावर लगेच जॉन सेल्डेन या पंडिताने अर्लच्या सर्व शिलालेखांची नक्कल करून १६२८ त ती छापली होती. त्या हरवलेल्या तुकड्यावरील मजकूर आज जगास ज्ञात आहे तो केवळ त्या पुस्तकातून. तंजावरच्या पोथ्यांच्या पहिल्या व शेवटच्या पत्रांवरील मालकीच्या ओळी, विकल्याघेतल्याच्या नोंदी व शिक्के यांची अशी नक्कल करून ती उगमवार छापणे, आणि ती कवींद्राचार्यांच्या यादीशी ताडून पाहणे, हे दोन-तीन संस्कृतज्ञ व एक मोडी वाचणारा एवढ्यांचे, फार तर पाच वर्षांचे काम आहे. शास्त्री यांच्या सूचीतील देवनागरी कागदी पोथ्यांपासून त्यास आरंभ करता येईल. धर्मशास्त्राच्या भागापासून केल्यास उत्तम, कारण काशीस खरेदी करणाऱ्या दाक्षिणात्याची नजर प्रथम निबंधग्रंथांकडेच जाणार.